हिरवी तार

मामांच्या घरात जेवताना बोलायचं नाही असा नियम होता. अन्नाचा मान वगैरे काही कारण नव्हतं. जेवताना मामा ऐकत असायचे. बाहेरची खोली हेच त्यांचं दुकान आणि हाच कारखाना. तिथं नवीन जोडलेला ॲम्प्लिफायर सकाळपासून चालू करून ठेवलेला असायचा. त्याला ना टेप लावलेली, ना रेडिओ. नुसता रिकामा चालू, आवाजाचं बटण शेवटापर्यंत फिरवलेलं. स्पीकरमधून काय येतंय की काहीच येत नाही, ते मामा भाकरीचा तुकडा मोडता मोडता ऐकायचे. वाढताना मामीची पळी पातेल्यावर आपटली तरी त्यांचा डावा हात वर जायचा. मामी मला डोळ्यांनी खुणावून हसायची. दौंडसारख्या गावात, रेल्वे कॉलनीच्या मागच्या अंगाला, जिथं दिवसभर इंजिनं डबे जोडत-सोडत असतात, तिथं माणसानं शांतता ऐकायचा हट्ट धरावा, हे तिला भारी वाटायचं. पण मामांना ती ऐकू यायची. ताटातलं हुलग्याचं माडगं निवून जायचं आणि मामा एकदम म्हणायचे, "येतीया. बारीक हाय, पण येतीया." म्हणजे हम. स्पीकरमधून येणारी ती घूं घूं. मग हात धुवून ते परत ॲम्प्लिफायरचा डबा उघडायला बसायचे.

मी त्या घरात आले ती बारावीला नापास होऊन. राहूला, आमच्या गावी, आजोबांच्या काळातच मेंढरं संपली होती, वडील शेतीला लागले होते, आणि नापास पोरगी घरात बसवून करायचं काय हा प्रश्न होता. लग्नाचं जमेपर्यंत दौंडला मामीच्या हाताखाली राहील म्हणून आईनं मला पाठवलं. मामा-मामींना मूल नव्हतं. महिनाभरात मी मामीच्या हाताखालून निसटून मामांच्या हाताखाली गेले. सोल्डरचा धूर मला आवडायचा. खरं सांगायचं तर मला तिथं पहिल्यांदा कुणीतरी हुशार म्हटलं, म्हणून मी तिथं रमले. मामा वरवर कडक होते, पण माझा टाका बघून "झ्याक" म्हणायचे आणि मी तेवढ्यावर चार दिवस जगायची.

मामांचा सगळा जीव मेन कॉर्डवर. आतली सर्किटं ते कधीकधी मला एकटीला जोडू द्यायचे, पण भिंतीतून डब्यात वीज आणणारी ती दोन-तीन हात वायर त्यांनी तपासल्याशिवाय डबा दाराबाहेर पडायचा नाही. बाजारात तेव्हा सर्रास दोन तारांची पातळ वायर लावायचे. मामा तीन तारांचीच लावायचे, लाल, काळी आणि हिरवी. लागेल तेवढीच लांब. जास्तीच्या वायरचं वेटोळं करून कुणी डब्यामागं कोंबलेलं दिसलं, की ते सोडवल्याशिवाय त्या घरचा चहासुद्धा घ्यायचे नाहीत. वायर डब्यात शिरते तिथं पत्र्याची धार लागू नये म्हणून रबरी बुश. प्लगच्या आत वायरला एक गाठ, म्हणजे कुणी ओढली तरी ताण गाठीवर यावा, स्क्रूवर नाही. आणि प्लगमधली हिरवी तार बाकी दोघींपेक्षा बोटभर लांब ठेवायची, म्हणजे सगळं उपसून निघालं तरी ती सगळ्यात शेवटी सुटेल. "लाल आन् काळी गाणं वाजवत्यात," ते म्हणायचे. "हिरवी काय बी करत न्हाई. नुसती हाय. तिचं काम पडलं तर एकदाच पडतं, शाले." आणि गिऱ्हाईक फारच घासाघीस करायला लागलं तर, "आवाज खराब निघाला तर तुमी मला शिव्या द्याल. कॉर्ड खराब निघाली तर शिव्या द्यायला कोण ऱ्हाणार?" असं म्हणून हसायचे. मीही हसायची.

एकदा साखर कारखान्यातला एक केमिस्ट मुंबईहून आणलेली कॉर्ड घेऊन आला होता. मनगटाएवढी जाड, वरून जाळीचं कापड, टोकाला सोनेरी पिना. हिनं आवाज मोकळा होतो असं त्याला दुकानदारानं सांगितलं होतं. मामांनी ती हातात घेऊन तोलली, प्लग उघडून बघितला, तिन्ही तारा जागेवर आहेत याची खात्री केली आणि म्हणाले, "चांगली हाय की. लावा. पण सायेब, तुमच्या भिंतीत शंभर फूट साधी तार हाय, खांबापासनं घरापातूर आनखी तसलीच. शेवटच्या दोन हातानं त्या विजंला काय नवीन शिकवायचं?" तो केमिस्ट रागावला होता. परवा माझ्या भाच्यानं पुण्यातल्या फ्लॅटमध्ये असलीच एक कॉर्ड मला कौतुकानं दाखवली. मी त्याला आवाजाबद्दल काही बोलले नाही. फक्त पर्समधून टेस्ट लॅम्प काढून त्याच्या भिंतीतल्या सॉकेटचं अर्थिंग तपासलं. "मावशी, तू पण ना," म्हणाला. माझ्या पर्समध्ये टेस्ट लॅम्प का असतो, हे मी त्याला कधी सांगितलेलं नाही. म्हणून तर हे लिहायला बसले आहे.

शिरूरला दिघे मास्तर राहायचे, शाळेतून निवृत्त झालेले. शास्त्रीय गाण्याचा नाद आणि तो भागवायला आयुष्यभर वेळ मिळाला नाही, म्हणून आता मिळालेला एक क्षणही फुकट घालवायचा नाही अशी त्यांची घाई. त्यांनी मामांकडून ॲम्प्लिफायर करवून घेतला. डबा तयार झाला त्या आठवड्यात मामांना ताप भरला, आणि मास्तरांचे निरोपावर निरोप. शेवटी मी म्हणाले मी जाते. घोंगडीत डबा गुंडाळून, मांडीवर घेऊन मी एसटीनं शिरूरला गेले. मास्तरांच्या घरात शिरताना पाय घसरला, इतकी फरशी लखलखीत. मास्तरांच्या बायकोच्या, काकूंच्या, हातात कायम ओलं फडकं असायचं. बोलता बोलता त्या दाराची चौकट पुसायच्या, कपाट पुसायच्या, तुम्ही बसलेल्या खुर्चीचा हातही पुसायच्या.

"आगं, पोरीची जात आन् वायरीचं काम करती. भ्या न्हाई वाटत व्हय?" त्यांनी विचारलं.

"न्हाई काकू. सवय हाय," मी म्हणाले. मी एकोणीस वर्षांची होते आणि मला कशाचंच भय नव्हतं.

त्यांनी शेंगोळी केली होती, लसणाच्या वासानं घर भरलं होतं. मी जोडणी करून चालू केलं आणि हम आली. बारीक नव्हती, चांगली भरदार. मास्तरांचा टेप-डेक खोलीच्या दुसऱ्या टोकाला, वेगळ्या सॉकेटवर होता. त्यालाही तीन पिनांचा प्लग. हिरव्या तारेतून जमिनीशी जोड, म्हणजे अर्थ, दोन ठिकाणांहून मिळाला की त्या दोन अर्थांच्या मध्ये ही घूं घूं जन्माला येते, हे मामांनी मला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. उपायही शिकवला होता. दोन्ही मशीन एकाच बोर्डावर आणायची. त्यासाठी नवा बोर्ड, वायर, म्हणजे परत दौंडला जाऊन दुसऱ्या दिवशी यायचं. मास्तर डोळे मिटून बसले होते. "बाळ," ते म्हणाले, "या घूं घूंमध्ये तानपुरा बुडाला गं." त्यांचा चेहरा इतका पडला होता की मला राहवलं नाही. नुसतं बघावं म्हणून मी प्लग उघडला. पेचकस माझ्या हातात त्यांनीच दिला. हिरवी तार स्क्रूतून सोडवली आणि चालू केलं. हम नव्हती. मास्तरांच्या स्पीकरमधून तानपुरा आला, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मामापेक्षा तू हुशार निघालीस," ते म्हणाले. मी कटरनं हिरवी तार बुडाजवळ कापली, टोकाला व्यवस्थित टेप गुंडाळली, गाठ परत मारली आणि प्लग बंद केला. मग पोटभर शेंगोळी खाल्ली.

मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. माहीत होतं. ती नुसती असते आणि तिचं काम एकदाच पडतं, हे मला पाठ होतं. पण इतक्या घरांत इतके डबे वाजतात आणि त्यांतल्या निम्म्यांना ती नसतेच, मग काय होतंय, असं मी मनाशी म्हणाले. मामांना घरी येऊन सांगितलं की हम होती, गेली. त्यांना वाटलं मी दोन्ही मशीन एकाच बोर्डावर आणली. तापातच ते मामीला म्हणाले, "हिच्या हाताला गुण हाय." त्या एका वाक्यानंतर खरं सांगणं मला शक्य राहिलं नाही, आणि पुढं गरजही वाटेना. मास्तरांनी चार जणांना सांगितलं. हम घालवणारी पोरगी म्हणून माझं नाव झालं. वर्षभरात मी आणखी चार ठिकाणी तेच केलं. दौंडमध्ये एका रेल्वे गार्डच्या घरी आणि पिठाच्या गिरणीवाल्याकडं. राहूला आमच्या स्वतःच्या घरी, वडिलांच्या रेडिओच्या डब्याला. आणि सणसवाडीला हरिराम नावाच्या एका कामगाराच्या खोलीवर. हरिराम उत्तर प्रदेशातल्या देवरियाकडचा. एका कंपनीत रोजंदारीवर होता, तीन जण मिळून एका खोलीत राहायचे. त्यानं हौसेनं मामांकडून मशीन घेतली होती. हम गेल्यावर तो टाळी वाजवून म्हणाला होता, "दीदी, भनभनाहट गई! अब तो एकदम साफ है." मला तेव्हा वाटलं होतं की माझ्यासारखं कुणी नाही.

त्यानंतर एका सकाळी शिरूरहून माणूस आला. मामांनी चहा अर्धा ठेवला, आणि मीही मागं लागून निघाले. काकू गेल्या होत्या. फरशी पुसून झाली होती, ओली होती. पायात काही नव्हतं. हातात फडकं होतं आणि मशीन चालू होती. मास्तर सकाळचं गाणं ऐकत होते. डब्यात जिथं वायर शिरते तिथला रबरी बुश वाळून तडकला होता, पत्र्याच्या धारेनं लाल तार सोलली होती आणि सगळा डबा विजेनं जिवंत झाला होता. हिरवी तार जागेवर असती तर फ्यूज उडाला असता, गाणं बंद पडलं असतं, आणि मास्तरांनी आम्हाला चिडून निरोप धाडला असता. एवढंच झालं असतं.

पंचनाम्याला हवालदार होते आणि वीजमंडळाचा एक माणूस. काकूंना तोवर पोस्टमार्टमला नेलं होतं. फडकं तिथंच फरशीवर पडलेलं होतं, कुणी उचललं नव्हतं. वीजमंडळाच्या माणसानं प्लग उघडला. आत गाठ होती. मामा डावीकडून गाठ घालायचे, मी उजवीकडून. माझ्या आईनं जनावराच्या दाव्याला शिकवली होती तशी. ती गाठ मामांनी बघितली आणि तिच्याखाली टेप गुंडाळलेलं ते हिरवं टोकही बघितलं. त्यांच्या तोंडावरची एक रेघ हलली नाही.

"ही कॉर्ड कुणी बनवली?" हवालदारांनी विचारलं.

"म्या," मामा म्हणाले.

"यातली अर्थिंगची तार कापलेली हाय."

"व्हय. म्याच कापली."

भिंतीशी बसलेल्या मास्तरांनी मान वर केली. त्यांनी आधी मामांकडं बघितलं, मग माझ्याकडं. पेचकस त्यांनीच माझ्या हातात दिला होता. मला वाटलं आता ते बोलतील. बोलावं असंही वाटलं आणि बोलू नये असंही. त्यांनी मान खाली घातली. मामांचा जबाब घेतला गेला, सही झाली, आणि त्यांना दिवसभर ठाण्यात बसवून ठेवलं. मी बाहेरच्या बाकावर बसून राहिले. एकोणिसाव्या वर्षी मला कशाचंच भय नव्हतं असं मी वर लिहिलं आहे. विसाव्या वर्षी त्या बाकावर मी भ्याले होते. आत जाऊन तीन शब्द बोलायचे होते. मी कापली, मामा. मी ते बोलले नाही. संध्याकाळी निघण्याआधी मामा मास्तरांच्या पाया पडायला गेले, तेव्हा मी दारात उभी होते. मास्तर माझ्याजवळ आले आणि अगदी हळू म्हणाले, "मला ती घूं घूं चालली असती गं." त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

परतीच्या एसटीत मामा खिडकीशी बसले होते. काष्टी गाव मागं पडलं. मग बाहेर बघतच त्यांनी विचारलं, "आनखी किती हायती, शाले?"

त्यांनी का केलंस विचारलं नाही. शिवी दिली नाही. एवढी एकच गोष्ट त्यांना हवी होती, आकडा.

"न्हाईत मामा," मी म्हणाले. "एवढी एकच."

त्यांनी मान हलवली. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, हे मला आजही सहन होत नाही.

मी स्वतःला समजावलं की मीच एकेक करून गुपचूप नीट करीन आणि कुणाला कळणारही नाही. तिसऱ्या दिवशी आईला भेटायचं निमित्त काढून मी राहूला गेले. पिशवीत पेचकस, कटर, नवे प्लग आणि वायर. पहिल्यांदा स्वतःच्या घरचं. इथं मला खोटं लिहायचं नाही. पाच घरांतलं एक उजाड झालं होतं, चार उरली होती, आणि मला सगळ्यात आधी माझे आई-वडील आठवले. वडील बाजेवर पडून बातम्या ऐकत होते. मी डबा बंद केला, कॉर्ड बदलली, हिरवी तार बोटभर लांब ठेवली, गाठ मारली. परत चालू केल्यावर हम आली. "आगं, घालवली व्हतीस ना तू?" वडील म्हणाले. "ऱ्हाऊ द्या आबा. ती असूद्या," मी म्हणाले, आणि आईनं माझ्याकडं एकदा नीट बघितलं.

दुपारी स्टँडवर आले तर जीप लागलेली. भीमेचा पूल ओलांडून त्या जीप शिरूर तालुक्यातल्या तळेगावला जायच्या, तिथून शिक्रापूर, सणसवाडी. जीपवाला दारावर थाप मारत ओरडत होता, "एक शीट, एक शीट." पिशवीत सगळं सामान होतं. चार वाजेपर्यंत हरिरामच्या खोलीवर पोचले असते. पण तिथं जायचं म्हणजे एकटीनं अनोळखी माणसांच्या चाळीत, आणि घरी परतायला उशीर, मग मामा विचारणार कुठं होतीस. दौंडमधली दोन घरं आधी करू, ती जवळची आहेत, असं मी ठरवलं. स्टँडवरूनच घरी फिरले, आईनं रात्री राहा म्हटलं, मी राहिले. आईच्या हातचं जेवले आणि झोपलेही.

गार्ड ड्यूटीवर होते म्हणून त्यांच्या घरी दोन खेपा झाल्या. गिरणीवाल्याच्या बायकोनं तर दार उघडेना. शिरूरची बातमी तोवर दौंडभर झाली होती आणि मामांच्या घरचं माणूस कुणाला वायरीजवळ नको होतं. मी तिला सांगितलं की फुकट तपासून देतेय, तुमच्याच चांगल्यासाठी. शेवटी तिनं आत घेतलं, पण मी प्लग उघडत होते तोवर मुलांना बाहेर ओट्यावर नेऊन बसली. तिचं काही चुकलं नव्हतं. अशानं आठवडा गेला. नवव्या दिवशी मी सणसवाडीला गेले.

खोलीला कुलूप होतं. चाळीची मालकीण समोर धान्य निवडत बसली होती.

"त्यो हरिराम व्हय? गेला की गावाला. चार दिस झालं. कंपनीनं ब्रेक दिला त्याला, कामावरनं थांबीवलं."

"त्याची मशीन?"

"नेली की संगं. पोत्यात बांधून, डोईवर घेऊन गेला. लई जीव व्हता तिच्यावर."

शेजारच्या खोलीतला त्याचा एक सोबती बाहेर आला. त्यानं मला ओळखलं. "दीदी, उसकी बहन की शादी है ना," तो हसत म्हणाला. "बोल रहा था, शादी में अपना ही बाजा बजेगा."

मी तिथंच जोत्यावर बसले. मालकिणीनं पाणी दिलं, ते हातातच राहिलं. लग्नघर. आजूबाजूची सगळी बायका-पोरं, ओलं अंगण, अनवाणी पाय, कुणीतरी आवाज वाढवायला हात लावणार. आणि जीपवाला सहा दिवसांपूर्वी माझ्यासमोर ओरडत होता, एक शीट, एक शीट.

त्या संध्याकाळी मी मामांना सांगितलं. दुकान बंदच होतं, ते आपल्या स्टुलावर नुसते बसून होते, समोर रिकामा बाक. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं, रडले नाही. मामी दारात आली होती, ती तोंडाला पदर लावून तिथंच खाली बसली.

"इस्टीत इचारलं तवा सांगितलं आसतंस," मामा म्हणाले, "तर दुसऱ्या दिशी आपुन दोगं गेलो आसतो."

मारलं असतं तर मी ते विसरले असते. हे विसरता आलं नाही. दुसऱ्या दिवशी मामा सणसवाडीला गेले, कंपनीच्या गेटवर दिवसभर उभे राहिले, ठेकेदाराकडून हरिरामच्या गावाचं नाव आणि जिल्हा मिळवला. पोस्ट कुठलं, ते त्याच्या कागदांवर नव्हतं आणि सोबत्यालाही ठाऊक नव्हतं. तेव्हा मोबाइल नव्हते, आणि त्या गावात फोन असेलसं कुणाला वाटलं नाही. मामांना स्वतः जायचं होतं, पण शिरूरची केस उभी होती आणि ठाण्यात विचारल्याशिवाय जिल्हा सोडायचा नाही असं बजावलेलं होतं. मी का गेले नाही? मी जाते असं मी म्हणालेच नाही, हे त्याचं उत्तर आहे. मामांनीही मला जा म्हटलं नाही.

मग पत्र लिहायचं ठरलं. मामांनी निळं अंतर्देशीय आणलं. त्यांना हिंदी लिहिता येत नव्हतं, म्हणून लिहायला मी बसले. ते एकेक वाक्य आपल्या बोलीत सांगायचे, मी हिंदीत उतरवायची. मशीन चालू करू नको. आत्ता चालू असेल तर हात न लावता बाहेरनं मेन बंद कर. वायर कापून फेकून दे. चूक आमची आहे, तुझी नाही, नवी वायर आम्ही पाठवू. "घरातल्या समद्यास्नी वाचून दावायचं, असं लिव्ह," मामा म्हणाले. "लहान पोरास्नी बी." मी लिहिलं. त्यांनी सांगितलेली प्रत्येक गोष्ट मी लिहिली, अक्षर चांगलं काढून. पत्र घेऊन मी स्टेशनाजवळच्या पेटीकडं एकटीच गेले.

त्यानंतर मामा रोज पोस्टमनच्या वेळेला दारात उभे राहायचे. उत्तर येईल असं त्यांना वाटत नव्हतं. पत्ता अपुरा म्हणून पत्र परत येतंय की काय, ते त्यांना बघायचं होतं. एक महिना गेला, दोन गेले. शिरूरला तारखा पडत राहिल्या. मास्तर कोर्टात म्हणाले की त्यांना कुणाविरुद्ध काही बोलायचं नाही. पुढं काही वर्षांनी मामा त्या केसमधून सुटले, पण पुन्हा त्यांच्याकडं कुणी डबा जोडायला दिला नाही. पंखे, मिक्सर, इस्त्र्या एवढंच यायचं. पत्राला दोन महिने झाल्यावर एका दुपारी ते दारातून आत आले, पाटावर बसले आणि मामीला म्हणाले, "वाढ. भूक लागलीया." कितीतरी दिवसांनी ते नीट जेवले. जेवताना माझ्याकडं बघून म्हणाले, "माघारी आलं न्हाई. म्हंजी पोचलं."

"व्हय मामा," मी म्हणाले.

हे ते आयुष्यभर म्हणत राहिले. वर्तमानपत्रात कुठं शॉकची बातमी आली आणि माझा चेहरा उतरला, की तेच माझी समजूत घालायचे. पत्र माघारी आलं न्हाई, शाले. शेवटच्या आजारपणात, माणसं ओळखेनाशी झाली तेव्हाही एकदा त्यांनी ते म्हटलं, आणि मी व्हय म्हणाले.

अंतर्देशीय पत्राच्या मागं, घडी चिकटवतात तिथं, पाठवणाऱ्याचं नाव आणि पत्ता लिहायला जागा असते. पत्र पोचलं नाही तर पोस्ट त्या पत्त्यावर परत आणून देतं. त्या लग्नघरात काही घडलं असेल, तर पोलीस हे पत्र धरून मामांच्या दारात, माझ्यापर्यंत येतील, असं पेटीपाशी उभी असताना माझ्या मनात आलं होतं. ती जागा मी कोरी ठेवली, घडी चिकटवली आणि पत्र पेटीत टाकलं.